लाल रेघेपर्यंत पाणी

१

"माणसाची अंघोळ एका तांब्यावर आली, आन् खेकड्यांना म्हनं बारा म्हैने समुद्र पायजे! समुद्र! नगरात!"

केशरबाईंनी ओसरीवर चपला काढल्या तेव्हा स्वयंपाकघरातून ही कुरकुर ऐकू आली. त्यांच्या वहिनी गोजरबाई सुपात मिलो निवडत होत्या आणि बोलणंही त्या मिलोशीच चाललं होतं. त्या साली रेशनवर ही लाल परदेशी ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशाशी अडायची, त्यामुळे तिच्याशी भांडायला कुणालाच वेगळं निमित्त लागत नसे. वहिनीची कुरकुर केशरबाईंना नवी नव्हती. आज गोजरबाईंचे डोळे मात्र सुजलेले होते, ते नवं होतं.

त्र्याहत्तरचा वैशाख चालू होता. नगरच्या सावेडीत तेव्हा घरं थोडी आणि प्लॉटच्या हद्दीचे दगडच फार. नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. माणशी एक कळशी, की संपलं.

"आबा, मी केशर!" नेहमीसारखी दारातूनच हाक देऊन त्या बैठकीत शिरल्या आणि जागीच थबकल्या.

खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीतलं समुद्रफूल मेलं होतं.

हे फूल म्हणजे फूल नव्हे, जितंजागतं जनावर. खडकाला धरून बसायचं आणि शेकडो जांभळ्या बोटांनी पाण्याशी खेळायचं. आज ते वाळूवर पिळून टाकलेल्या फडक्यासारखं पडलं होतं. कोळंब्या आडव्या झाल्या होत्या. शंखात राहणारे खेकडे शंखाबाहेर येऊन निपचित होते. पट्ट्यापट्ट्यांचे चार मासे तेवढे वर येऊन धापा टाकत होते. शेजारची गोड्या पाण्याची टाकी मात्र जशीच्या तशी होती. तिथले सोनमासे मजेत शेपट्या हलवत होते.

आबासाहेब स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून.

"केशर, हे तांब्याचं काम आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले की मोरचुदाच्या पाण्याचे थेंब देतात. मोरचूद म्हणजे तांबंच. माशाला ते औषध. पण फूल, खेकडे, कोळंब्या, ज्यांना पाठीचा कणा नाही, त्यांना ते विष. बघ ना, कणा असलेलेच जगलेत."

"मग मोरचूद आहे कुणाकडे?"

"माझ्याकडे. सोनमाशांना ठिपके आलेत असं मागच्या खोलीतली पोरं म्हणाली, म्हणून परवाच थेंब टाकले मी, गोड्या टाकीत." ते क्षणभर थांबले. "निदान मला तरी वाटलं, गोड्या टाकीत."

दारात त्यांची सून राही उभी होती. सकाळच्या एसटीनं ती माहेराहून आली होती आणि हा प्रकार पहिल्यांदा तिनंच पाहिला होता. तिनंच निरोप धाडला होता, आत्या, ताबडतोब या.

"संध्याकाळी गोरक्षनाथ ट्रक घेऊन येतोय," आबासाहेब शांतपणे म्हणाले. "दोन्ही टाक्या त्याच्याबरोबर जातील. खारे मासे तो समुद्रात सोडील. ज्याचा हात चुकतो त्यानं जीव पाळू नयेत."

खरं तर अशा वेळी कुणीतरी म्हणायला हवं होतं, छे, तुमचा हात कसा चुकेल? राही काही बोलली नाही. स्वयंपाकघरातलं सूपही थांबलं. आणि गंमत म्हणा की दुर्दैव, केशरबाईसुद्धा गप्पच राहिल्या.

२

केशरबाई आबासाहेबांच्या धाकट्या बहीण. माळीवाड्याजवळ त्यांची खानावळ होती. कोणत्या गिऱ्हाइकानं दोन वाट्या आमटी पिऊन एक सांगितली, कोणत्या पोऱ्यानं तुपात बोट घातलं, हे त्यांना नुसत्या तोंडाकडे बघून कळायचं. पुतणीच्या लग्नात हरवलेली नथ त्यांनी लोणच्याच्या बरणीतून काढली होती. तेव्हापासून घरात काही हरवलं, बिघडलं, की पहिलं बोलावणं केशरबाईंना.

पण आज त्यांना शोधापेक्षा ती टाकी वाचवायची होती.

कारण ती टाकी म्हणजे नुसती काच आणि पाणी नव्हतं. आबासाहेब दूध योजनेत दूध तपासायचे. कधीतरी मुंबईला गेले, तिथलं मत्स्यालय पाहिलं, आणि परत आले ते एकच प्रश्न घेऊन. समुद्र नगरात जगेल का? लोक हसले. त्यांनी मोडक्या दुकानाच्या शोकेसची काच आणली, लोखंडी अँगलला डांबर फासलं, सांधे स्वतः भरले. गोरक्षनाथ मुंबईला कांदा न्यायचा. येताना तो काचेच्या बुधल्यांतून समुद्र आणू लागला, किनाऱ्यावरचा तेलकट नव्हे, होडीवाल्याला मस्का लावून आतला. वीज जायची तेव्हा पाण्यात हवा कशी सोडायची? त्याचं उत्तर होतं ट्रकच्या चाकाची जुनी ट्यूब. ती पंपानं टम्म फुगवायची, तिला सलाइनची नळी जोडायची, नळीला चिमटा लावायचा. रात्रभर बुडबुडे येत राहायचे. पहिल्यांदा सगळं मेलं, दुसऱ्यांदाही मेलं. तिसऱ्या खेपेला फूल उमललं तेव्हा आबासाहेबांनी खानावळीत येऊन सगळ्या गिऱ्हाइकांना स्वतःच्या हातानं शिरा वाढला होता. पेन्शनीत निघाल्यावर तर हेच त्यांचं ऑफिस झालं. पाहुण्यांची मुलं टाकीला नाक लावून बसायची. समुद्र न पाहिलेली पाथर्डीकडची म्हातारी माणसं टाकीपुढे हात जोडायची.

"आबा, मेले ते मेले," केशरबाई म्हणाल्या. "पट्ट्यांचे अजून जिते आहेत ना? मग बसलास काय?"

आबासाहेब दचकून उठले. कोपऱ्यात समुद्राचे दोन बुधले होते. केशरबाईंनी आधी त्यांची बुचं पाहिली. गोरक्षनाथानं लाखेनं मारलेली सील शाबूत होती.

"पाणी काढण्याआधी काटा टाक."

हा काटा म्हणजे दूध तपासायचा लॅक्टोमीटर. दुधात पाणी किती हे ज्यानं कळायचं, त्यानंच आता पाण्यात मीठ किती हे कळायचं. आबासाहेबांनी तो टाकीत सोडला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "चोवीस. नेहमीसारखं. मिठात काही दोष नाही."

केशरबाईंनीही वाकून पाहिलं. काट्यावर त्यांना अठ्ठावीस दिसले. त्यांनी राहीकडे पाहिलं. राहीनं घाईघाईनं पदर सारखा केला.

"आणि पाणी? या उन्हात कमी नाही झालं?"

"एक थेंब नाही!" त्या दुःखातही आबासाहेबांचा चेहरा जरा उजळला. "बघ, लाल रेघेवर आहे की नाही? गेल्या दिवाळीच्या आधी हे नवं झाकण बसवलं ना, तेव्हापासून वरून पाणी घालायलाच लागत नाही. उडतच नाही. असं झाकण मुंबईच्या मत्स्यालयातही नसेल."

पाणी खरंच रेघेवर होतं. काचेवरची ती लाल रंगाची रेघ केशरबाईंना आठवत होती. आधी दोऱ्याएवढी होती. आता चांगली दोन बोटं रुंद झाली होती.

मग आबासाहेबांनी नळी तोंडानं ओढून जुनं पाणी बादलीत उतरवलं, आणि समुद्राची धार बशीवर धरून इतकी हळू सोडली की वाळूचा कण हलला नाही. एक थेंब बाहेर नाही. मासे कुठे आहेत हे त्यांच्या बोटांना जणू आधीच ठाऊक होतं. केशरबाई बघत राहिल्या. हा हात चुकतो?

आणि तेव्हाच त्यांचं लक्ष शेजारच्या गोड्या टाकीकडे गेलं. त्या टाकीत जे दिसलं, ते पाहून त्या मनाशी म्हणाल्या, नाही. हा हात चुकलेला नाही. मग कुणाचा?

३

"त्या आसारामाला इचारा," गोजरबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "नळावर काय बोलला त्यो, समद्या आळीनं ऐकलंय."

आसाराम मागच्या खोलीतला भाडेकरू, कोर्टात शिपाई. मूळचा पाथर्डीकडचा. त्याचे भाऊ दर साली ऊसतोडीला जायचे. औंदा ऊसच नव्हता, म्हणून दोघं भाऊ बायकापोरांसह त्याच्याच खोलीत येऊन राहिले होते. कळश्या मोजक्या आणि तोंडं फार.

"बोललो, व्हय," त्यानं सरळ कबूल केलं. "म्हटलं, हितं मासे पवतेत आन् आमच्या पोरायची तोंडं सुकलीत. भांडण झालं की मानूस बोलतो, अक्का. पर मला मारायचंच असतं तर मी गोड्या टाकीतले मारले असते. गोडं पानी खातेत ते सोनमासे. खाऱ्या टाकीचं पानी काय पोरायला पाजू?"

केशरबाईंना हे पटलं. पाण्यावरून ज्याचं पोट दुखेल, तो खाऱ्या टाकीकडे कशाला बघेल?

"आणि दुसरं आसं," आसाराम जरा ओशाळून म्हणाला, "मी रोज सांच्याला आबास्नी पेपर वाचून दावतो. आता त्यांच्या घरात मी कसा इख घालीन?"

"तू वाचतोस? आबा स्वतः नाही वाचत?"

"मला... मला मोठ्यानं वाचायची सवय हाय," आसाराम म्हणाला आणि पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढू लागला. "सरावासाठी. बढती मिळाली तर बेलीफ व्हायचंय ना, मग दवंडी द्यावी लागती."

केशरबाईंना हसू आलं आणि लगेच विरलंही. त्या उठता उठता त्यानं हाक मारली.

"अक्का, एक इचारू? अंगुळीचा बी उपास आसतो का?"

"अंघोळीचा?"

"न्हाई, गोजरकाकू चार-पाच दिस झाले अंगुळीच करीनात. आमच्या मंडळीनं इचारलं तर म्हनल्या, उपास हाय. एकादशी म्हाईत हाय, चतुर्थी म्हाईत हाय. ह्यो कोन्ता देव?"

४

राही परसात लिंबाखाली बसली होती. केशरबाई तिच्याजवळ टेकल्या. चौकशी करायची तर समोर बसू नये, शेजारी बसावं, हे त्या खानावळीत शिकल्या होत्या.

"झाकण फार छान आहे गं आबांचं."

राहीच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं.

"तू घालत होतीस ना पाणी?"

"रोज दुपारी, आत्या. आबा जरा पडले की. माठातलं, शिळं, चिनीमातीच्या मगानं, रेघेपर्यंत. माझ्या वाट्याचंच असायचं. आबांना वाटलं झाकणानं उडत नाही. इतके खूश झाले की... मग सांगणार कसं?"

"आणि माहेरी गेलीस तेव्हा?"

"आठवडाभर म्हणून गेले नव्हते. दोनच दिवसांत येणार होते, पण भावाची मुलगी तापली. तिथं रोज जीव खालीवर व्हायचा. वाटायचं, पाणी उतरलं असेल, आबांना..." ती थांबली. "पण आज आले तर पाणी बरोब्बर रेघेवर. आणि सगळं मेलेलं."

"मीठ टाकायचीस का गं पाण्यात?"

"मीठ?" राहीनं पदरानं डोळे पुसले आणि तिच्यातली विद्यार्थिनी जागी झाली. "मीठ कशाला? उन्हानं पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं. वरून घालायचं ते गोडंच. आबांनी लग्नाच्या पहिल्या महिन्यातच शिकवलं मला."

केशरबाई लिंबाच्या खोडाला टेकल्या. सकाळपासून गोळा केलेलं सगळं एकेक करून त्यांनी मनात वाट्यांसारखं मांडलं.

टाकीत कुणीतरी पाणी घातलं होतं. नुसतं नाही, मीठ कालवून, म्हणून काटा अठ्ठावीसवर. समुद्राचे बुधले सीलबंद, म्हणजे मीठ स्वयंपाकघरातलं. ज्याला टाकीची विद्या ठाऊक, तो मीठ टाकणार नाही. म्हणून राही नव्हे, गोरक्षनाथ नव्हे, आबा तर नव्हेच. आणि मोरचुदाच्या चार थेंबांनी काही टाकी भरत नाही, पाणी खारटही होत नाही.

पण सगळ्यात मोठी गोष्ट दुसरीच होती. या वर्षी नगरात माणूस सोनं उधळील, पण पाणी उधळणार नाही. ज्याला वाईट करायचं, तो टाकीतलं पाणी सांडून देईल, घालणार नाही. ज्यानं हे केलं, त्यानं भांडंभर पाणी दिलं होतं. वैऱ्याचं हे काम नव्हतं.

राहिलं तांबं. तांबं आलं कुठून?

त्या उठल्या आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या.

५

मांडणीवर भांडी नेहमीच्या जागी होती. पितळेची पातेली काळवंडली होती, घागरीवर डाग पडले होते. त्या उन्हाळ्यात सगळ्या नगरची भांडी तशीच होती. कोरड्या राखेनं पुसायची आणि ठेवून द्यायची. भांडी उजळायला पाणी कुणाकडे होतं?

आणि त्या काळवंडलेल्या रांगेत एक तांब्याचा हंडा नव्या नवरीसारखा लखलखत होता.

"वहिनी, हंडा छान उजळलाय."

"सनाला घासला," गोजरबाई म्हणाल्या.

"कोणता सण?"

सूप थांबलं. केशरबाईंनी हंड्यात हात घातला. आतून चिंचेनं घासला होता, वास येत होता अजून. पण गळ्याच्या सांध्यापाशी, जिथं बोट नीट पोहोचत नाही, तिथून त्यांनी नख फिरवलं. नखाला हिरवं लागलं.

खानावळवालीला ते हिरवं काय, हे कुणी सांगायला नको. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक राहिलं की ते कळकतं, त्याचीच ही बहीण.

"वहिनी, आंबट ठेवू नये तांब्यात, हे तू मला शिकवलंस. मी सोळा वर्षांची होते तेव्हा."

"आंबट न्हवतंच त्ये!" गोजरबाई एकदम म्हणाल्या. मग त्यांनी तोंडावर हात घेतला. पण आता बांध फुटला होता. "राही माहेरी गेली. टाकीतलं पानी रोज खाली, रोज खाली. रेघ उघडी पडली. हे रोज येत्यात, वाकत्यात, आन् म्हन्त्यात, 'रेघेवर हाय, झाकन झकास हाय.' मी काय करू? घरातलं प्यायाचं वतू? म्हनून अंगुळीचं राखलं. म्हटलं, साधं कशाला, रुखवतातला हंडा हाय, तांब्यातलं पानी देवाला बी चालतं, खेकड्याला न्हाई का चालायचं? आन् समुद्राचं पानी अळणी कसं आसंल? चार मुठी मीठ टाकलं. रातभर झाकून ठेवलं, गार व्हावं म्हनून. काल दुपारी हे पडले, तवा वतलं. आपल्या हातानं." त्यांनी ते हात पुढे केले. "आज ह्यांनी तांबं म्हटलं आन् मी येऊन हंड्यात बघितलं. हिरवागार."

"पंधरा वर्षं त्या टाकीला शिव्या देतेस गं तू."

"द्येते. माझी सवत हाय ती. सवतीला उपाशी ठेवीन व्हय?"

केशरबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग त्या हळूच म्हणाल्या, "आबा समजतोय, त्याच्याच हातानं झालं. टाक्या देऊन टाकतोय."

"म्हाईत हाय."

"मग सांग ना त्याला."

"काय सांगू?" गोजरबाईंनी सुजलेले डोळे वर केले. "पानी वतलं, यवढं सांगता येतं. का वतलं, त्ये कसं सांगू?"

आबासाहेबांच्या थोरल्या भावाचे डोळे ऑपरेशननंतर कायमचे गेले होते. त्या दिवशी आबासाहेब म्हणाले होते, त्यापेक्षा माणसानं डोळे मिटलेले बरे. तेव्हापासून या घरात डोळ्यांचा विषय कुणी काढत नव्हतं. आणि केशरबाईंना आत्ता, हंड्यापाशी उभं असताना उमगलं, की आपल्याच भावाच्या दारात "आबा, मी केशर" असं नाव सांगायला त्यांनी स्वतःसुद्धा कधीतरी, कुणी न सांगता, सुरुवात केली होती.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

६

"आबा, समुद्र आनलाय! अन् औंदा लाटा बी मागवू का?" गोरक्षनाथ दारातूनच ओरडत आला आणि बैठकीतली तोंडं पाहून गप्प झाला.

"समुद्र परत न्यायचा आहे, गोरक्षनाथ," आबासाहेब म्हणाले. "टाक्या उचल."

गोरक्षनाथानं मेलेलं फूल पाहिलं आणि डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. ते फूल त्यानंच मांडीवर बुधला धरून, घाटात ट्रक हळू हाकत आणलं होतं.

"रंगाचा डबा आणलास का रे?" केशरबाईंनी सहज विचारलं.

"आनलाय की. दर खेपेला रेघ जरा जाड..." त्यानं जीभ चावली. "म्हंजे, रंग उडतो ना, अक्का. खारं पानी."

"कुणी टाकीला हात लावायचा नाही," केशरबाई म्हणाल्या. "आबा, आधी मला सांग, सोनमाशांना ठिपके होते म्हणालास. आता आहेत?"

आबासाहेब गोड्या टाकीपाशी गेले आणि काचेला नाक टेकेपर्यंत वाकले.

"नाहीत," केशरबाईंनीच उत्तर दिलं. "एकाच्याही अंगावर नाही. मी सकाळीच पाहिलं. म्हणजे औषध ज्या टाकीत जायला हवं होतं त्याच टाकीत गेलं. थेंब मोजून गेला. तुझा हात चुकलेला नाही, आबा. या हातासारखा हात मी पाहिलेला नाही."

आबासाहेबांचे खांदे एकदम खाली आले, ओझं उतरल्यासारखे. मग ते वळले.

"मग तांबं कुणी घातलं?"

राही जमिनीकडे बघू लागली. दारात येऊन थांबलेला आसाराम छताकडे. गोरक्षनाथ मुंडाशाचा पीळ सोडून पुन्हा घालू लागला. केशरबाईंना सांगता आलं असतं. गुन्हेगार दाखवायचा तर बोट दाखवून काम भागतं. पण हे बोट त्यांचं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात गोजरबाई आल्या. दोन्ही हातांनी हंडा धरलेला, लखलखीत. त्यांनी तो आबासाहेबांच्या पायाशी ठेवला.

"म्या घातलं. ह्या हंड्यातनं. मीठ घालून. मला काय ठाव, तांबं खारटानं बी कळकतं."

आबासाहेब वाकले. बोटांनी हंड्याचा काठ चाचपला, मग गळा, मग सांधा. तोच हंडा, लग्नातला. त्यांच्या तोंडावर राग आला नाही. आलं ते आश्चर्य.

"तू? टाकीला पाणी? या सालात? अगं, पण कशासाठी? पाणी तर रेघेवर होतं. मी रोज बघत होतो. माझं झाकण..."

ते थांबले. बैठकीत ट्यूबमधून येणाऱ्या बुडबुड्यांचा आवाज तेवढा चालू होता. कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून ते एकेकाच्या दिशेनं तोंड फिरवू लागले. राहीकडे, आसारामकडे, गोरक्षनाथकडे, बहिणीकडे. एकानंही तोंड उघडलं नाही, आणि त्या गप्प बसण्यातच त्यांना हळूहळू काय ते कळू लागलं असावं, कारण झाकणाचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

गोजरबाई पुढे झाल्या. पंधरा वर्षं ज्या टाकीला त्यांनी बोट लावलं नव्हतं, तिच्या काचेवर, त्या रुंद लाल रेघेवर त्यांनी तळहात ठेवला.

"आवं, तुमाला दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. "मला दिसतं. तुमी निस्तं सांगा, किती वतू."